मागच्या दाराचं कुलूप

संपादकांनी मला हॉटेलातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. "आयुष्य हॉटेलात काढलंत, नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिलीत. दिवाळीचा अंक आहे, लोकांना जरा हसवा," असं ते घरी येऊन, चहा पिऊन सांगून गेले.

गमती पुष्कळ आहेत. त्या काळी छापील बिलं नव्हती. गिऱ्हाईक खाऊन उठलं की कोणी काय खाल्लं ते वेटरने जागेवरूनच गल्ल्याकडे ओरडून सांगायचं. चारपाच माणसं एकदम उठली तर गल्ल्यावरच्या मालकाला कळणार कसं कोण कुठला ते? म्हणून माणसाची खूण सांगायची. "लाल फेटा, भजी आणि चहा!" "छत्रीवाले, नुसता चहा!" मी नवा होतो तेव्हा एकदा "पोट सुटलेले, जिलबी!" असं ओरडलो. ते निघाले कचेरीतले बडे अंमलदार. सगळं हॉटेल हसलं आणि ते साहेब पुन्हा आमची पायरी चढले नाहीत. दुसरे एक पेन्शनर मास्तर होते. रोज दुपारी यायचे, एक चहा आणि एक रिकामा कप मागायचे. अर्धा चहा त्या कपात ओतून समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवायचे. मुलगा ब्रह्मदेशात लढाईवर होता. तो कप मी त्यांच्यादेखत कधी उचलला नाही.

असं लिहीत गेलो तर पानं सहज भरतील. पण लिहायला बसलं की मला एकच दुपार आठवते आणि बाकीचं सगळं मागे पडतं. त्या दुपारची हकीकत मी तोंडी पुष्कळांना सांगितली आहे. ऐकणारा दर वेळी म्हणतो, "काहीतरीच काय! असं कोण करेल?" माझ्या डोळ्यांनी पाहूनही मला तेव्हा तसंच वाटलं होतं. इतकी वर्षं गेली, तरी अजून पुरता विश्वास बसत नाही. तेव्हा संपादक रागावले तरी चालेल, मी तीच लिहितो.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी पारनेर तालुक्यातला. जमीन थोरल्या भावांनाच जेमतेम पुरायची, म्हणून मी नगरला आलो आणि बाजारपेठेतल्या एका हॉटेलात वेटर म्हणून लागलो. हॉटेलाचं नाव सांगत नाही. मालकांना सगळे नानाशेठ म्हणत. कपाळाला गंध, परीटघडीचं धोतर आणि आवाज असा की कधी चढायचा नाही. नोकरांना 'बाळ' म्हणून हाक मारायचे. दिवाळीला प्रत्येकाच्या हातात स्वतः सदऱ्याचं कापड ठेवायचे. गावी गेलो की मी आईला सांगायचो, "आये, मालक देवमानूस हाय."

लढाईमुळे धंदा तेजीत होता. भिंगारच्या छावणीतले शिपाई सुट्टी मिळाली की बाजारात यायचे आणि भजी, जिलबी, चहा यांवर तुटून पडायचे. बाजारच्या दिवशी खेड्यापाड्यांतली माणसं यायची ती वेगळीच. नानाशेठांनी एक मोठा कर्णा असलेला ग्रामोफोन आणून गल्ल्याशेजारी ठेवला. गाणी ऐकायला लोक रस्त्यात थांबायचे आणि थांबले की आत यायचे. बसायला जागा पुरेना, तेव्हा शेठनी मधली भिंत पाडली आणि मागे सरकवून पुन्हा बांधली. पुढे टेबलं वाढली. मागचा भटारखाना निम्मा झाला.

भटारखाना म्हणजे हॉटेलाचं स्वयंपाकघर. बाहेर बसलेल्या माणसाला त्याची कल्पना येत नाही. एका अंगाला मातीच्या दोन भट्ट्या, एकीवर चहाचं आधण, दुसरीवर तळणीची कढई. दुसऱ्या अंगाला मोरी, तिथे दिवसभर कपबश्या विसळायच्या. मधे लाकडं, कोळशाची पोती, तेलाचे डबे. भिंत मागे सरकल्यावर दोन माणसांना एकमेकांना ओलांडून जायचं तर अंग चोरावं लागे. खाली फरशीवर तेल आणि पाणी कायम. आम्ही सगळे अनवाणी. तळणीची भट्टी नेमकी पुढे हॉटेलात उघडणाऱ्या मधल्या दाराला चिकटून, कारण भज्यांचा वास पुढे गेला पाहिजे असा शेठचा हुकूम.

तिथे आमचं राज्य होतं सखारामदादांचं. ते कर्जतकडचे, अंगाने थोराड आणि फारसे न बोलणारे. त्यांच्या हाताची जिलबी खायला लोक श्रीगोंद्याहून येत, असं मी अभिमानाने सांगतो. त्यांची बायको पारूवहिनी आणि मुलं नानाशेठांच्याच एका खोलीत, हॉटेलापासून जवळच राहायची. मोरीवर यमुनाबाई होत्या. विधवा, वयाने माझ्या आईएवढ्या, तोंडाच्या फटकळ. मला त्या 'पारनेरकर' म्हणून हाक मारायच्या, जणू मी कुठला सरदारच.

भाजणं ही आमच्याकडे बातमी नव्हती. सखारामदादांचे दोन्ही हात कोपरापर्यंत डागांनी भरलेले. यमुनाबाईंच्या पायावर उकळतं दूध सांडलं होतं, त्याची पांढरी खूण घोट्यापासून वर गेलेली. चुन्याच्या निवळीत खोबरेल घोटून लावायचं आणि कामाला लागायचं. कोणी शेठकडे गेलंच, तर ते हात पाहायचे, हळहळायचे आणि म्हणायचे, "अग्नीचा प्रसाद आहे, बाळ. आपण अग्नीची सेवा करतो. तो कधीतरी प्रसाद देणारच." हे ते थट्टेने म्हणत नसत, खरोखर मनापासून म्हणत. आम्हीही मान डोलावून परत यायचो.

त्या वर्षी तळणीच्या भट्टीची कड ढासळली. कढई एका बाजूला कलायला लागली. सखारामदादांनी तिच्याखाली विटेचा तुकडा सरकवला आणि शेठना सांगितलं.

"शेठ, भट्टी नवी घालाया पाहिजे. ईट कवा सरकंल त्याचा नेम न्हाई."

"घालू की. पण भट्टी वाळेपर्यंत तळण बंद ठेवावं लागेल ना, बाळ? हंगाम संपू दे."

लढाईच्या दिवसांत आमचा हंगाम संपतच नव्हता. सखारामदादा सांगायचे, शेठ 'घालू की' म्हणायचे.

आता मागच्या दाराचं सांगतो. भटारखान्याला मागच्या बोळात उघडणारं एक दार होतं. धूर त्यातून जायचा, वारा त्यातून यायचा. पाणी, लाकडं तिकडूनच. साखर रेशनवर गेली आणि शेठच्या मनात आलं की नोकर मागच्या दाराने साखर पळवतात. साखर मागच्या दाराने जात होती हे खरंच आहे. पण ती पोत्याने जायची, शेठच्याच सांगण्यावरून, आणि कोणाकडे ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी एक दिवस त्या दाराला आतून भलंमोठं कुलूप लागलं. किल्ली शेठच्या करगोट्याला. सकाळी पाणी आणि लाकडं आत आली की कुलूप, ते थेट हॉटेल बंद होईपर्यंत. पहिल्या दिवशी यमुनाबाई धुराने खोकत म्हणाल्या, "शेठ, आमी काय कैदी हाय व्हय?" शेठ हसले. "कैद्यांना भजी मिळतात का, यमुनाबाई?" आम्हीही हसलो.

तो बाजारचा दिवस होता. हॉटेल फुललेलं. दुपारची वेळ, उन्हातून आलेली माणसं, ग्रामोफोन चालू. भज्यांच्या ताटल्या घ्यायला मी आत गेलो. सखारामदादा झाऱ्याने भजी काढत होते. यमुनाबाई धुतलेल्या कपांची चळत घेऊन पुढच्या फळीकडे येत होत्या. त्यांना वाट द्यायला दादांनी अंग चोरलं. त्यांचा गुडघा भट्टीला लागला की काय कोण जाणे. वीट सरकलेली मला दिसली. कढई कलली आणि दादा, कोणीही जाईल तसे, दोन्ही हातांनी तिचे कान धरायला गेले.

तेल अर्धं त्यांच्या हातांवर आणि मांड्यांवर पडलं, अर्धं भट्टीत. भट्टीतून जाळ छताला लागला. फरशीवरचं तेल पेटत कोळशाच्या पोत्यांकडे निघालं. दादा ओरडले. माणसाचा तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. यमुनाबाईंनी हातातली चळत टाकली आणि ओलं गोणपाट घेऊन त्यांच्या अंगावर झडप घातली.

मी दाराशी होतो. जाळ माझ्या आणि त्यांच्या मधे, पण बाहेर पडायचं दार माझ्या हाताच्या अंतरावर. चारपाच माणसांना हाका मारायच्या, पाणी आणायचं, दादांना उचलून पुढून न्यायचं, एवढंच डोक्यात. मी वळलो आणि पाहिलं तर दार मिटत होतं. फटीतून मला नानाशेठांचा चेहरा दिसला. घाबरलेला नव्हता. लहान मुलाला गप्प करावं तसा त्यांनी एक हात हलवला, "हळू, हळू," आणि दार मिटलं. बाहेरून कडी लावल्याचा आवाज झाला.

क्षणभर मी समजलोच नाही. मला वाटलं, चुकून लागलं. मी दार बडवलं. "शेठ, आग लागलीया! दादा भाजले! दार उघडा!" तेवढ्यात पलीकडचं गाणं एकदम मोठं झालं. कोणीतरी ग्रामोफोनचा कर्णा रस्त्याकडून दाराकडे फिरवला होता. मी दारावर मुठी आपटत होतो आणि पलीकडे बाई गात होती.

"पारनेरकर!" यमुनाबाई धुरातून ओरडल्या. "ते दार सोड! हिकडं ये! वरवंटा घे!"

मी जाळावरून उडी मारून मागे गेलो. धुराने डोळे उघडत नव्हते. पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि मागच्या दाराच्या कुलपावर घालायला लागलो. कुलूप हलत नव्हतं. यमुनाबाईंनी दादांना मोरीत ओढून त्यांच्यावर हंड्यातलं पाणी ओतलं आणि स्वतः दाराला तोंड लावून बोळात हाका मारू लागल्या.

बोळाच्या तोंडाशी टांगे उभे राहत. तिथले इब्राहिमचाचा आमच्याकडे रोज चहा घ्यायचे. त्यांनी हाका ऐकल्या.

"अरे, कोन है अंदर?"

"चाचा, दार फोडा! कुलूप हाय आतून!"

"बाजूला सरका!"

तबेल्यातली पहार घेऊन ते आले. बाहेरून ते बिजागरीत पहार घालत होते, आतून मी कोयंड्यावर वरवंटा मारत होतो. कुलूप शेवटपर्यंत तुटलं नाही. बिजागऱ्या निघाल्या आणि सबंध दार कुलपासकट बोळात पडलं. आम्ही दादांना ओढत बाहेर काढलं. बोळातल्या माणसांनी माती आणि ओली पोती टाकून आग दडपली. ती फार पसरली नव्हती. त्या कोंडलेल्या जागेत धूरच जास्त होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर आगीची गरजच पडली नसती.

चाचांनी दादांना टांग्यात घातलं, यमुनाबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, टांगा दवाखान्याकडे गेला. शेठना सांगावं म्हणून मी बोळातून वळसा घालून पुढच्या बाजूला आलो. मला वाटलं होतं, हॉटेल रिकामं झालं असेल, लोक रस्त्यावर उभे असतील, आरडाओरडा चालला असेल.

लोक चहा पीत होते. गाणं चालू होतं. दुसरा वेटर टेबलांवर चहाचे कप ठेवत होता. मी दारात उभा राहिलो. सदरा जळलेला, भुवया गेलेल्या, अंगभर काजळी. काही माणसं माझ्याकडे पाहायला लागली. नानाशेठ गल्ल्यावरून उठून जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "दत्तू, बाळ, असा पुढे येऊ नकोस. सदरा बदल. आणि त्या कोपऱ्यातल्या मंडळींना चहा हवाय."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्यांनी दादांचं नाव घेतलं नाही. जिवंत आहे का, हेदेखील विचारलं नाही. मी तसाच पायरी उतरलो आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागलो.

त्या दिवशी दाराच्या पुढच्या बाजूला काय झालं ते मला नंतर आमच्या गावच्या एका वयस्कर बाबांकडून कळलं. ते बाजाराला आले होते आणि नेमके मधल्या दाराजवळच्या टेबलावर बसले होते. ते म्हणाले, "मी शेटला इचारलं, आत कोन वरडतंय? तर शेट म्हनले, बाया भांडत्यात, रोजचंच हाय. धूर येत हुता तर म्हनले, लाकडं वल्ली हायेत. मला काय म्हाईत तू आत हायेस? मी भजी यायची वाट बघत बसलो की रं." एवढं बोलून बाबा रडायला लागले.

दवाखान्यात सखारामदादांचे हात पांढऱ्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवले होते. दुसऱ्या दिवशी हवालदार आला. पारूवहिनी, यमुनाबाई आणि मी खाटेशी उभे होतो. नानाशेठ संत्री घेऊन आले होते, ते व्हरांड्यात थांबले. हवालदाराने विचारलं, "कसं भाजलं?"

दादा छताकडे पाहत म्हणाले, "घरी. स्टो भडकला."

मी दचकलो. यमुनाबाई पुढे झाल्या. "कुठला स्टो? मी हुते तिथं! हाटेलात भाजलेत. दाराला कुलूप हुतं, आनि फुडनं शेटनं कडी लावली!"

हवालदाराने दादांकडे पाहिलं. "बाई काय म्हणते?"

"बाईला धक्का बसलाय," दादा म्हणाले. "घरीच भाजलं."

हवालदार गेला. शेठ आत आले, संत्री ठेवली, दादांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले. मी खाटेवर वाकलो. "दादा, हे काय केलंत तुमी?"

त्यांनी दाराकडे पाहून शेठ गेल्याची खात्री केली. मग म्हणाले, "शेट काल खोलीवर गेल्ते. पोरांला खाऊ दिला. पारूला म्हनले, काळजी करू नको, खोली तुमचीच हाय."

"मग चांगलंच हाय की."

"दत्तू, खोली तुमचीच हाय, असं ते याआदी कदी म्हनले न्हवते."

तेव्हा मला कळलं. पारूवहिनी खाली मान घालून संत्री पाहत होत्या. एकही संत्रं कोणी सोललं नाही.

बाजारात तोवर वेगळीच गोष्ट पसरली होती. नानाशेठांनी प्रसंगावधान राखून मधलं दार लावलं, म्हणून आग पुढे आली नाही, म्हणून एवढी माणसं वाचली. वारा लागला असता तर भडका उडाला असता, आतली माणसंही गेली असती, असं शेठ स्वतः सांगत. सखारामदादा मात्र या गोष्टीत घरीच भाजले होते. लोक त्यांना भेटायला यायचे, देवाने वाचवलं म्हणायचे. देवळात त्यांनी नारळ दिला. मला भेटणारा माणूसही म्हणायचा, "नशीबवान आहेस रे, असा मालक मिळाला." मी काय सांगणार? सांगितलं तर म्हणत, "अरे, तुला धुरात काय दिसणार?"

भटारखान्यात नवा आचारी आला. भट्टी एका दिवसात नवी घातली गेली. म्हणजे घालता येत होती. मागच्या दाराला नवी फळी, नव्या बिजागऱ्या बसल्या. आणि एका सकाळी मी आत गेलो तर दाराला कुलूप. तेच जुनं. दार पडलं तेव्हा त्याला पोचासुद्धा आला नव्हता.

मी भिंतीला टेकलो. यमुनाबाई मोरीकडे निघाल्या होत्या, त्यांनी कुलूप पाहिलं. त्यांनी पदर खोचला, मोरीच्या कट्ट्यावर बसल्या आणि हात मांडीवर ठेवले.

हॉटेल कशावर चालतं असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, धुतलेल्या कपांवर. आचारी आजारी पडला तर बाहेरून फरसाण आणता येतं. वेटर आला नाही तर मालक स्वतः चहा नेतो. पण कप संपले की चहा ओतायचा कशात? सकाळची गर्दी सुरू झाली. खरकटे कप आत येत होते आणि मोरीत साचत होते. फळीवरचे धुतलेले कप संपत आले, मग संपले. पुढून ओरड सुरू झाली. नव्या आचाऱ्याने कप विसळायला हात घातला, तेव्हा मी त्याला जाळाने काळ्या पडलेल्या छताकडे बोट दाखवलं आणि काय झालं होतं ते थोडक्यात सांगितलं. त्याने हात धोतराला पुसले आणि तोही खाली बसला. मीही बसलो.

शेठ आत आले. "यमुनाबाई, कपबश्या."

"कुलूप," यमुनाबाई म्हणाल्या.

"साखर जाते हो. तुमच्यावर माझा संशय नाही. पण—"

"कुलूप."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. "दत्तू, बाळ, तू तरी सांग यांना."

मी म्हणालो, "शेठ, त्या दिवशी मी दार बडवत हुतो, ते तुमी ऐकलं का न्हाई?"

त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच बदललेला पाहिला. राग नव्हता त्यात. असला प्रश्न कोणी विचारेल, हेच त्यांना कधी सुचलं नव्हतं. ते म्हणाले, "ऐकलं ना. पण बाळ, हॉटेल भरलेलं होतं."

एवढंच. मी आजही ते वाक्य आठवलं की गार पडतो. त्यांनी खोटं सांगितलं असतं, ऐकू आलं नाही म्हणाले असते, तर बरं झालं असतं. त्यांना ते कारण पुरेसं वाटत होतं.

पुढून कोणीतरी टेबल ठोकायला लागलं. शेठनी करगोट्याची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि दार लोटलं. बोळातला उजेड आत आला. यमुनाबाई उठल्या, शेठच्या हातातलं कुलूप काढून घेतलं, बोळातल्या आडापर्यंत चालत गेल्या आणि आत टाकून आल्या. मग मोरीवर बसून कप धुवायला लागल्या. त्या दाराला पुन्हा कुलूप लागलं नाही. शेठनी तिथे एक राखणदार बसवला. तो आमची झडती घ्यायचा. घेऊ दे म्हटलं.

सखारामदादा दवाखान्यातून आले तेव्हा थंडी सुरू झाली होती. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून आकडली होती. डाव्याची हलायची, पण झारा पेलण्याची ताकद नव्हती. ते हॉटेलात आले. मी तिथे होतो. ते म्हणाले, "शेट, तळनं जमायचं न्हाई. पन पीठ कसं भिजवायचं, पाक कवा उतरवायचा, ते नव्या मानसाला शिकवीन. बसून ऱ्हाईन आत."

नानाशेठ फार कळवळले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. म्हणाले, "सखाराम, बाळ, हे हात पाहून गिऱ्हाइकाच्या घशाखाली घास उतरेल का? तूच सांग." मग थांबून म्हणाले, "आणि खोली आता नव्या आचाऱ्याला लागेल. सवडीने बघा."

दादा तिथून सरळ पोलीस चौकीत गेले. मी बरोबर होतो. तोच हवालदार होता. दादांनी सगळं खरं सांगितलं. हवालदाराने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण घरी स्टोव्ह भडकला म्हणून कोण म्हणालं होतं? मी का?" बाहेर येऊन दादा रस्त्याच्या कडेला बसले आणि आपल्या हातांकडे पाहत राहिले. मी इतक्या वेळा त्यांना भाजताना पाहिलं होतं, पण डोळ्यांत पाणी तेव्हाच पाहिलं.

मी दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. यमुनाबाईंनी त्याच दिवशी सोडली, मला न विचारता. इब्राहिमचाचांनी आपल्या घराशेजारची एक खोली पारूवहिनींना मिळवून दिली आणि मोटार स्टँडजवळ, टांगे उभे राहतात तिथल्या कडुलिंबाखाली आम्हाला जागा करून दिली. तिथे आम्ही भज्यांचं दुकान मांडलं. दुकान कसलं, एक लाकडी फळी, एक भट्टी आणि एक कढई. भट्टी दादांनी समोर बसून आमच्याकडून घालून घेतली आणि पुरती वाळेपर्यंत पेटवू दिली नाही. दादा बाकावर बसून सांगायचे, यमुनाबाई तळायच्या, मी द्यायचो आणि जुन्या सवयीने ओरडायचो. कोणाला ऐकवायचं ते कळायचं नाही, तरी ओरडायचो. दादांचे हात गिऱ्हाइकांना दिसायचे. कोणाच्या घशात घास अडकलेला मी तरी पाहिला नाही.

नानाशेठ पुष्कळ वर्षं जगले. त्यांच्या अंत्ययात्रेला अर्धी बाजारपेठ बंद होती. भाषणं झाली, त्यात आगीच्या प्रसंगी त्यांनी दाखवलेल्या धैर्याचाही उल्लेख झाला. मी गर्दीत उभा राहून ऐकलं आणि परत आलो.

आमच्या त्या दुकानाचा पहिला उन्हाळा फार वाईट गेला. स्टँडवर मोटार आली की धुळीचा लोट उठायचा आणि सगळा कढईवर. वाऱ्याने जाळ लागायचा नाही. वैतागून मी एक दिवस म्हणालो, "दादा, तीन बाजूंनी पत्रे ठोकू. पुढची बाजू मोकळी ठेवू. तेवढीच धूळ थांबंल."

सखारामदादांनी मान वर केली. माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला बोललो ते परत घ्यावंसं वाटलं.

यमुनाबाई झाऱ्याने भजी उलटत होत्या. मागे न बघताच म्हणाल्या, "धूळ काय, पारनेरकर, धुता येती."

पत्रे आम्ही कधीच ठोकले नाहीत.